७२ लाख सांगितले, आता ७६ मागताहेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही पुण्यात कर्वेनगरला भाड्याने राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. आठ महिने टू बीएचके शोधतोय, बजेट सगळं धरून ८० लाख. पोर्टलवर ६८-७० लिहिलेला फ्लॅट बघायला जावं तर तिथे ७८ निघतात. पुनावळ्याला एका साइटवर बोर्ड होता '५९ लाख ऑनवर्ड्स', आत गेल्यावर हातात दिलेली कॉस्ट शीट ७४ ची. शेवटी बावधनला एक दहा-बारा वर्षं जुना रिसेल फ्लॅट मनापासून आवडला. एजंटने ७२ सांगितले होते, 'बैठकीत थोडं कमीच होईल' असंही म्हणाला. आम्ही ७२ ला हो म्हटलं, वकिलाकडून सर्च (मालकीच्या कागदपत्रांची तपासणी) काढला, बँकेची प्रोसेसिंग फी भरली, आणि मग त्याचा फोन आला की ओनर आता ७६ म्हणतायत, दुसरी पार्टी रेडी आहे, शनिवारपर्यंत टोकन द्या. नवरा म्हणतो सगळीकडे असंच चालतं, चार लाखांसाठी घर सोडू नकोस. मला फसवल्यासारखं वाटतंय, ओनरने शब्द फिरवला. त्यात अजून एक, सासऱ्यांचा सिंहगड रोडचा वन बीएचके विकून आम्ही डाउन पेमेंट करणार आहोत आणि तोच एजंट म्हणतोय की जाहिरातीत चार-पाच लाख कमी टाकू, फोन भरपूर येतात, मग वाढवता येतं. नवरा त्याला तयार आहे. मला कळत नाहीये मी उगाच तत्त्वाचं घेऊन बसलेय का.

उत्तर:

ताई, उगाच नाही. तुमचे आठ महिन्यांचे रविवार गेले, सर्चचे पैसे गेले, मुलीला 'इथे तुझी खोली' असं सांगूनही झालं असेल, आणि हे सगळं तुम्ही एका आकड्याच्या भरवशावर केलंत. तो आकडा सांगणाऱ्याला जर माहीत असेल की या किमतीत हे घर मिळणार नाही, तर त्याने तुमचा वेळ आणि तुमची ओढ दोन्ही फुकटात वापरली. घर आवडल्यावर माणूस हळवा होतो, नाही म्हणणं जड जातं, आणि कमी आकडा सांगून बोलावण्यामागे नेमका हाच हिशोब असतो. मिस्टर म्हणतात सगळीकडे चालतं, ते खरंय, पण त्यामुळे ते बरोबर ठरत नाही, एवढंच ठरतं की तयारीने जायला पाहिजे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, 'ओनरने शब्द फिरवला'. ओनरने शब्द दिला होता का पण? पत्रावरून तरी वाटतंय की तुम्ही ओनरला अजून भेटलेलाच नाहीत, ७२ हे एजंटच्या तोंडून आलं आणि ७६ सुद्धा एजंटच्याच तोंडून आलं. कदाचित ओनर पहिल्या दिवसापासून ७६ च म्हणत असेल आणि एजंटने तुम्ही फ्लॅट बघायला यावं म्हणून ७२ सांगितले असतील. कदाचित ओनर खरंच ७२ म्हणाला होता आणि आता खरंच कोणीतरी जास्त देतंय. किंवा दुसरी पार्टी वगैरे काही नाहीच. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही राग कोणावर धरायचा, पैसे वाढवायचे की नाही, हे त्यातली कुठली खरी आहे त्यावर आहे. यात अजून एक मेख असते जी घेणाऱ्याला दिसत नाही, बरेच एजंट विकणाऱ्याला जास्त सांगतात म्हणजे फ्लॅट त्यांच्याकडे येतो, आणि घेणाऱ्याला कमी सांगतात म्हणजे गिऱ्हाईक येतं. घर एकच, आकडे दोन, आणि मग ते दोन्ही आकडे बैठकीत एकमेकांसमोर येतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा बेइमान आहे.

म्हणून पहिलं काम, शनिवारची वाट न बघता एजंटला मेसेज करा, फोन नको, मेसेज. 'तुम्ही अमुक तारखेला ७२ लाख सांगितले होते, आम्ही त्यावर हो म्हटलं, त्या भरवशावर सर्च आणि बँकेचा खर्च केला. पुढचं बोलणं ओनरसमोर करू, या आठवड्यात बैठक लावा.' एवढंच. जुने व्हॉट्सॲप मेसेज, पोर्टलवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ओनरचं नाव सर्च रिपोर्टमध्ये आहेच, पण एजंटला वगळून परस्पर गाठू नका, त्याने घर दाखवलंय, त्याचं ब्रोकरेज बुडवायचं नाहीये आपल्याला, फक्त समोरासमोर बसायचंय. बैठक लावायलाच तो टाळाटाळ करत असेल आणि आधी टोकन मागत असेल तर तुम्हाला बरंच काही कळलं असं समजा.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि हे आधी केलं असतं तर तुमचे बरेच रविवार वाचले असते (हे दोष द्यायला म्हणत नाहीये, कोणी सांगतच नाही हे). जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची मागणी असते, भाव नसतो. भाव म्हणजे त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष खरेदीखतं कितीला झाली ते, आणि हे बघता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे जिल्हा, गाव, मिळकतीचा नंबर टाकून नोंदवलेल्या दस्तांचा इंडेक्स टू (दस्ताचा सारांश) दिसतो, त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. साइट कधी अडते, नंबर नीट टाकावा लागतो, तुमच्या वकिलाने सर्च काढलाच आहे तर त्यालाच सांगा की याच सोसायटीतले शेवटचे तीन-चार व्यवहार काढून दे. एक लक्षात ठेवा, काही लोक थोडे पैसे रोखीत देतात त्यामुळे एखादा आकडा कमी दिसू शकतो, म्हणून एकावर जाऊ नका, तीन-चार बघा. आणि इंडेक्स टू मधला बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचा सरकारी दर, त्यावर स्टॅम्प ड्युटी ठरते, मोबदला आणि तो यातलं जे जास्त असेल त्यावर, ती काही बाजारातली खरी किंमत नव्हे.

हे तीन व्यवहारांचं मी उगाच म्हणत नाहीये. ऑस्ट्रेलियात घरं बरीचशी लिलावाने विकली जातात आणि तिथे हेच दुखणं आहे, एजंट कमी रेंज सांगतात, लोक इन्स्पेक्शनचे पैसे भरून लिलावाला जातात आणि घर भलत्याच किमतीला जातं. म्हणून मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात २०१७ पासून एजंटला एक माहितीपत्रक द्यावंच लागतं, किंमत रेंजमध्ये सांगितली तर वरचा आकडा खालच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि त्या भागात नुकत्याच विकल्या गेलेल्या तीन सारख्या घरांच्या किमती सोबत द्यायच्या. तरी तिथल्या तक्रारी संपलेल्या नाहीत. आपल्याकडे रिसेलला असं काही बंधन नाही, पण मागायला कोणी अडवलंय? इथून पुढे कुठलाही एजंट आकडा सांगेल तेव्हा सरळ विचारा, 'या सोसायटीतले तीन इंडेक्स टू दाखवता का'. चांगला एजंट दाखवतो, पुण्यात असे एजंट आहेत, आणि त्यांना ब्रोकरेज देताना वाईटही वाटत नाही.

आता चार लाखांचं बघू, कारण मिस्टरांचं 'चार लाखांसाठी' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ७२ लाखांवर पुण्यात ७ टक्के जातात, ५ स्टॅम्प ड्युटी, १ स्थानिक संस्था कर, १ मेट्रोचा अधिभार, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. ब्रोकरेज १ टक्का धरलं तर ७२ हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारांच्या वर घेता येत नाही, ती धरू. झाले ७८ लाख ३१ हजार, तुमच्या ८० मध्ये बसतं, रंग आणि किचन ट्रॉलीला थोडं उरतं. ७६ ला हेच गणित ८२ लाख ६३ हजारांवर जातं. बजेटच्या अडीच लाख वर, रंग न लावता. आणि बँक ८० टक्के कर्ज देते ते खरेदीच्या किमतीवर, स्टॅम्प ड्युटी वगैरे सहसा त्यात धरत नाही, म्हणजे वाढलेल्या चार लाखांपैकी ३ लाख २० हजार कर्जात गेले तरी बाकीचे खिशातून. ते ३ लाख २० हजार ८.५ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचे तर महिन्याला पावणेतीन हजारच्या पुढे, एकूण साडेसहा लाखांच्या वर. त्यामुळे घरात हे बोलताना 'चार लाख' असं नका म्हणू, पूर्ण आकडा मांडा आणि मग दोघांनी ठरवा. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ७२ वर ते ७२ हजार होतात, जमत असेल तर विचार करा, पण घर कोणाच्या नावावर हा निर्णय फक्त सवलतीसाठी घेऊ नका.

अजून एक मोजमाप. ७२ किंवा ७६, पण किती फुटांसाठी? पुण्यात अजूनही 'हजाराचा टू बीएचके' म्हणताना लोक सेलेबल (जिना, लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून) सांगतात आणि आत कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, साडेसहाशे-सातशे फूट निघतो. रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी, टेरेस येत नाहीत. तुमचा फ्लॅट रेराच्या आधीचा आहे, करारात बिल्ट-अप (भिंती धरून) लिहिलेलं असेल तर टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन घरांची तुलना कार्पेटच्या दरानेच करा, नाहीतर स्वस्त वाटणारं घर नुसतं लहान असतं. पार्किंगचंही तसंच, ते ॲलॉटमेंट लेटरवर आहे की नुसतं 'आम्ही इथेच लावतो' आहे ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.

मग शनिवारचं काय? माझं मत सांगते. दिसत नसलेल्या पार्टीशी चढाओढ करू नका. इंडेक्स टू मध्ये त्या सोसायटीतले असे फ्लॅट ७१-७३ ला गेलेले दिसले तर ७२ वरच राहा, लेखी द्या की आमची ऑफर ७२, अमुक तारखेपर्यंत, कर्जाची तयारी झालेली आहे. विकणाऱ्यालाही तयार कर्जवाली, सर्च झालेली पार्टी सोडणं सोपं नसतं, ही तुमची ताकद आहे आणि तुम्ही ती विसरलाय. पण व्यवहार ७५-७६ चे दिसले, तर मग कटू असलं तरी खरं हे की ७२ ही त्या घराची किंमत कधी नव्हतीच, एजंटने दिशाभूल केली, ओनरची मागणी मात्र वाजवी आहे. तेव्हा प्रश्न फक्त तुमच्या ८० चा उरतो, आणि माझ्या मते तुम्ही सोडावं. सर्चचे आणि प्रोसेसिंगचे पैसे गेले म्हणून आणखी चार लाख घालणं हा हिशोब नाही. बँकेला विचारा, पगारावरची मंजुरी बहुतेक वेळा काही महिने चालते, दुसऱ्या फ्लॅटला वापरता येते, म्हणजे सगळंच वाया गेलं असं नाही. मुलीची शाळा जूनला सुरू होईल हे खरं, पण भाड्याचा करार सहा महिने वाढवणं हे चुकीचं घर चुकीच्या किमतीला घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

आणि टोकन द्यायची वेळ आलीच तर ते एजंटच्या नाही, ओनरच्या खात्यावर, चेक किंवा ऑनलाइन, आणि विसार पावती केल्याशिवाय एक रुपया नाही. पावतीत ठरलेली किंमत आकड्यात आणि अक्षरात, कार्पेट, पार्किंग, साठेखत कधीपर्यंत, आणि कर्ज किंवा टायटलमध्ये अडचण आली तर विसार पूर्ण परत, हे सगळं लिहा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरायचाय, तो ओनरच्या पैशातून जातो, बैठकीतच सांगून ठेवा म्हणजे शेवटी वाद नाही.

पुनावळ्याच्या बोर्डाबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय पण हा विषय असंख्य लोकांचा आहे. रिसेलमध्ये कायद्याचा हात आखडता आहे, नव्या प्रोजेक्टमध्ये तसा नाही. '५९ ऑनवर्ड्स' बघून गेलात तर पहिला प्रश्न हा की ५९ चा नेमका कुठला फ्लॅट आज विकायला आहे, नंबर सांगा. बऱ्याचदा तो पहिल्या मजल्यावरचा भिंतीसमोरचा एखादाच असतो आणि तोही 'कालच गेला'. मग फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, इन्फ्रा (रस्ता-पाण्यासारख्या सोयींचे), लीगल, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, वर ५ टक्के जीएसटी, वर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, आणि असा आकडा चढत जातो. (पुण्यात किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का, आणि कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाहीच, हे बरेच सेल्सवाले आपणहून सांगत नाहीत.) साइटवर जायच्या आधी फोनवरच म्हणा, चाव्या हातात येईपर्यंतची पूर्ण कॉस्ट शीट व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर आम्ही येत नाही. तुमच्यासारखी कुटुंबं रविवारी पेट्रोल जाळून हिंजवडी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात ती या एका वाक्याने वाचतील.

जाहिरातीवर महारेराचा (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर आणि क्यूआर कोड असायला हवा, तो स्कॅन करून प्रोजेक्टची माहिती बघा. नोंदवलेला करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. आणि रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतली किंवा सॅम्पल फ्लॅटची माहिती खरी धरून तुम्ही पैसे भरले आणि ती खोटी निघाली तर भरपाई मागता येते, बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले त्यात आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीचं वेगळं कलम आहे, ज्या किमतीला द्यायची वाजवी शक्यताच नाही ती किंमत दाखवून गिऱ्हाईक ओढायचं नाही. पैसे भरलेले नसले तरी बोर्डाचा फोटो आणि कॉस्ट शीट दोन्ही घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. लगेच काही होईलच असं मी म्हणणार नाही, पण दोन कागद शेजारी ठेवून तक्रार करणारे लोक वाढल्याशिवाय हे बोर्ड बदलणार नाहीत. ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना १९७४ साली याच शहरात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, ती अशाच साध्या लोकांच्या बळावर.

आता सासऱ्यांचा फ्लॅट. तुम्ही हे पत्राच्या शेवटी लिहिलंत पण मला वाटतं तुम्हाला झोप लागत नाहीये ती याच्यामुळे. बावधनला जे तुमच्याशी झालं तेच सिंहगड रोडला कोणाशी तरी होणार, आणि यावेळी कमी आकडा तुमच्या घरातून जाणार. कमी टाकल्यावर फोन येतात हे खरंय. पण कोणाचे येतात ते बघा. ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांचे, म्हणजे जे तुमच्या खऱ्या किमतीला घेऊच शकत नाहीत. कुणी नवं लग्न झालेलं जोडपं येईल, आजोबांना बाल्कनी दाखवेल, हिशोब करेल, आणि मग त्यांना तो फोन जाईल जो तुम्हाला आला. मिस्टरांना हे रागावून नका सांगू, त्यांच्या मनात फसवणूक नाहीये, आठ महिन्यांत ते थकलेत आणि त्यांनी बाजाराची रीत मान्य केलीय. त्यांना एवढंच विचारा की ७६ चा फोन आला त्या रात्री आपण दोघं कसे बसलो होतो.

व्यवहार म्हणूनही ते तोट्याचं आहे. कमी आकड्यावर आलेला माणूस तिथूनच खाली घासाघीस सुरू करतो, चिडून निघून जातो, आणि एकदा सोसायटीत पसरलं की यांचा भाव फिरतो, की वॉचमनपासून सगळे पुढच्या गिऱ्हाइकाला तेच सांगतात. जाहिरातीत सरळ लिहा, कार्पेट इतका, पार्किंग आहे किंवा नाही, अपेक्षा इतकी, थोडीफार बोलणी होतील, सोसायटीची थकबाकी नाही. फोन कमी येतील, पण जे येतील ते घेणारे असतील. आणि हा फ्लॅट बावधनच्याच एजंटकडे देऊ नका, किंवा द्यायचाच असेल तर आकडा तुमचा असेल आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय तो बदलणार नाही अशा अटीवर द्या.

त्याआधी सासऱ्यांशी बसा. घर त्यांचं आहे, पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. त्यांच्या मनात काय आकडा आहे आणि तो त्यांना कोणी सांगितलाय ते विचारा. या एजंटने त्यांनाही एखादा मोठा आकडा ऐकवला असेल, तर त्यांच्याही सोसायटीतले तीन इंडेक्स टू काढून त्यांच्यासमोर ठेवा. हे शनिवारच्या आत करा, कारण बावधनचं तुमचं सगळं डाउन पेमेंट त्याच आकड्यावर उभं आहे.